जुना कन्व्हर्टर

शेवटचा बोल्ट सुटायला तयार नव्हता. नवरा गाडीखाली पाठीवर पडून पान्याशी झटापट करत होता आणि बायको बाहेर उकिडवी बसून बॅटरीचा उजेड धरून होती. सकाळपासून तिच्या वाट्याला एवढंच काम आलं होतं, आणि तेही तिला धड जमत नाही असं त्याचं दोनदा सांगून झालं होतं.

धुराच्या तपासणीत गाडी दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा त्याने धूर स्वच्छ करणारा नवा हाय-फ्लो कन्व्हर्टर मागवला. आतली जाळी मोकळी, धूर झटकन बाहेर, इंजिनाला हलकं वाटतं म्हणे. त्याचा थोरला भाऊ गॅरेजवाला. या गाडीचं आजवरचं सगळं त्याच्याच हातचं. पण दोन महिने दादा नुसतं म्हणत होता, ‘तू हात लावू नकोस, मी बघतो.’ त्याचं बघणं काही होईना. शेवटी आज सुट्टी पाहून याने मोबाइलवर व्हिडिओ लावला, गाडी स्टँडवर चढवली आणि मोठ्या कौतुकाने दादाला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं. ‘थांब. काही खोलू नकोस. निघालोय.’

“बघितलंस?” तो गाडीखालून म्हणाला. “सुट्टीच्या दिवशी धावत येतोय. आहे का असा भाऊ कुणाला?”

थांबायला मात्र तो तयार नव्हता. दादा येईपर्यंत निम्मं काम उरकून त्याची शाबासकी घ्यायची होती. त्याने गंज सोडवायचं तेल पुन्हा एकदा मारलं, पाना लावला, आणि बोल्ट कुरकुरत सुटला.

“धर. दोन्ही हातांनी धर, पायावर पाडून घेशील.”

तिने बॅटरी खाली ठेवली आणि अंग सावरून दोन्ही हातांनी कन्व्हर्टर धरला. मग एक हात सोडला.

“हलका आहे,” ती म्हणाली.

“तुला काय कळतंय त्यातलं?”

तिने मोकळ्या हाताने खोक्यातला नवा उचलला. तो हात खाली ओढला गेला. नवरा बाहेर आल्यावर ती दोन्ही त्याच्यापुढे धरून उभी राहिली.

त्याने नव्याला डोळा लावला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी होती. मग जुन्याला लावला. दुसऱ्या टोकाला त्याला बायकोचा डोळा दिसला.

वरच्या अंगाला, गाडीच्या पोटाकडे असते त्या बाजूला, कापून पुन्हा जोडल्याची वेल्डिंगची रेघ होती. जोड कच्चा होता. तिथून काजळी बाहेर येऊन सगळीकडे माखली होती. त्या जाळीवर महागड्या धातूचा थर असतो, भंगारवाले तिच्यासाठी टपलेले असतात, हे त्याला दादानेच कधीतरी सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी गाडी दोन दिवस दादाकडे होती. त्यानंतरच तिने पहिल्यांदा म्हटलं होतं, गाडीत धुराचा वास येतो, माझं डोकं चढतं. ‘हिचं नाक म्हणजे तपासणी केंद्र आहे,’ असं दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, आणि हा पोट धरून हसला होता. पुढे दादाने शोध लावला की आमच्याकडे यायचं म्हटलं की हिचं डोकं दुखतं. घरात ते सगळ्यांना पटलं, सासूला तर फारच. ती नाकाला रुमाल लावून गाडीत बसायची, मग बसने जायला लागली, मग तिने जाणंच सोडलं. दोन वर्षं तिला फार काही नको होतं. कुणीतरी एकदा म्हणावं, हो, येतो वास.

“म्हणजे वास होता,” ती म्हणाली.

तो फडक्याने हात पुसत राहिला. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती.

“दादा आला की तू मधे पडू नकोस. मी बोलतो.”

“काय बोलणार?”

“बोलतो म्हटलं ना.”

तिला राग आला होताच, पण त्याहून जास्त, स्वतःचीच लाज वाटावी इतका आनंद झाला होता. दादाच्या तोंडावर, तिच्यादेखत, नवरा बोलणार होता.

दादा आला तो डोक्यावरचं हेल्मेटही न काढता. त्याची नजर आधी जमिनीवरच्या जुन्या कन्व्हर्टरवर गेली, मग दोघांच्या तोंडांवर, आणि सगळ्यात शेवटी गाडीवर.

“खोललंस पण?”

“हो.”

पुढचं वाक्य येईल म्हणून ती नवऱ्याकडे बघत होती. तो व्हिडिओकडे बघत होता.

“बरं केलंस,” दादा म्हणाला. “नवा आता मी बसवून देतो. हा जुना जाताना घेऊन जाईन. तुझ्याकडे उगाच अडगळ.”

“दादा,” ती म्हणाली, “आता नाही ना यायचा गाडीत वास?”

“तुझ्या नाकाचं काही सांगता येत नाही बाई.”

दादा हसला. थोडा उशीर करून नवराही हसला.

मग दादाने वाकून जुना कन्व्हर्टर दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले, आणि दात आवळून, कण्हत तो उचलला. नवरा त्याला वाट द्यायला बाजूला सरकला.

“सांभाळून, दादा,” तो म्हणाला. “जड आहे.”