पान एक्केचाळीस

"मावशी, आता काळजी नको. सकाळीच काढून टाकलं मी ते," ओंकार म्हणाला आणि उठून त्याने खुर्ची पुढे केली.

नरपड गावची जमना बसली नाही. सुक्या बोंबलाची टोपली ग्रंथालयाच्या दाराबाहेर ठेवून ती आत आली होती आणि तशीच उभी होती.

ओंकार डहाणूच्या या कॉलेजचा ग्रंथपाल. कॉलेजची तपासणी करायला नॅकची समिती येणार म्हणून त्याने विद्यार्थ्यांचे जुने प्रबंध इंटरनेटवर चढवले होते. सॉफ्टवेअर फुकटचं, डीस्पेस नावाचं. पण ते बसवताना दोन महिने त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. त्या प्रबंधांत रिया नावाच्या विद्यार्थिनीचा मासळी सुकवणाऱ्या बायकांवरचा प्रबंध होता. शेवटी मुलाखती होत्या, खऱ्या नावांसकट. शेवटची पानं वाचतो कोण? ना मार्गदर्शकांनी वाचली, ना ओंकारने. सॉफ्टवेअरने मात्र शब्दन् शब्द शोधण्याजोगा करून ठेवला. जमनाच्या पुतण्याने, जतीनने, मोबाइलवर सहज गावाचं नाव टाकलं आणि पान एक्केचाळीस उघडलं. 'नवरा पिऊन आला की मारतो. सकाळी हात वर होत नाही, तरी बोंबील वाळत घालायला जाते. जमना देवजी, नरपड.'

काल ते कळल्यावर ओंकारची झोपच उडाली होती. रिया फोनवर रडली. प्राचार्यांनी तिथल्या तिथे लेखी आदेश दिला. आज सकाळी प्रबंध काढल्यावर त्याला कुठे हायसं वाटलं होतं.

"आता कुणाला दिसणार नाय?" जमनाने विचारलं.

"कुणालाच नाही. चूक आमचीच झाली, मावशी. माफ करा."

जमना स्क्रीनकडे बघत राहिली. ना चिडली, ना रडली.

"जतीननं ओट्यावर मोठ्यानं वाचलं," ती म्हणाली. "सगळी होती. माझा देवजी पण होता."

"फार वाईट झालं."

"त्या दिवसापासून त्यानं हात नाय लावला. महिना होत आला. पितो, येतो, झोपतो. म्हणतो, सगळ्या जगाला दिसतंय."

ओंकारला लाज वाटली, आणि कशाची ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

"परत लावता येतं?"

येत होतं. एक बटण दाबायचं, बस्स. पण प्राचार्यांचा आदेश टेबलावरच होता.

"अर्ज द्यावा लागेल तुम्हाला," तो खाली बघत म्हणाला. "का लावायचं, ते कारण लिहून. मग प्राचार्य तो कॉलेजच्या समितीपुढे ठेवतील."

"कारण त्या पोरीला सांगितलं होतं ना."

"ते चालणार नाही, मावशी."

तिने मान हलवली. रेशनच्या दुकानात आज साखर नाही म्हटल्यावर हलवावी, तशी. बाहेर जाऊन तिने टोपली डोक्यावर घेतली आणि पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

"सर, नरपडचं कुणी विचारायला आलं, तर ते अजून आहे म्हणून सांगा."