पुढे आलेला शब्द

"काल मला म्हणाली, 'रिकाम्या निघालीस पोटी.' परवा म्हणाली, 'थकली तू आहेस.' शब्द जागेवर राहतच नाहीत आता हिचे," मुलगी म्हणाली.

आई शेजारच्याच खुर्चीत बसली होती. लुळा डावा हात तिने उजव्या हाताने मांडीवर धरून ठेवला होता. टेबलापलीकडच्या डॉक्टरबाई, आजारात बोलणं गमावलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या, ती वाक्यं टिपून घेत होत्या.

पक्षाघाताचा झटका आला त्याला वर्ष होत आलं होतं. शब्द सगळे परत आले होते. सूर तेवढा परतला नव्हता. आईचं बोलणं आता बँकेत नंबर पुकारणाऱ्या यंत्रासारखं झालं होतं. कुठल्याच शब्दावर जोर नाही. राग नाही, लाड नाही, प्रश्न विचारला तरी तो प्रश्न वाटत नसे. त्यात गेल्या महिन्यापासून वाक्यं उलटसुलट यायला लागली. डोकंही दगा देत असेल, तर दिवसभर तिला घरात एकटं ठेवणं बरं नव्हे. मुलीला नोकरी सोडता येण्यासारखी नव्हती. म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात तिने खोली बघून ठेवली होती. आज डॉक्टरबाई काय सांगतात त्यावर सगळं ठरायचं होतं.

"आणखी काय फरक वाटतो?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"माया आटली हो हिची." मुलीने पदर नसताना ओढणीनेच डोळे टिपले. "निवासाचं कसं विचारायचं म्हणून मी आठवडाभर मनात शब्द जुळवत होते. विचारलं, तर ही लगेच जाईन म्हणाली. ढिम्म! जसं काही कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला जायचंय."

आई म्हणाली, "कोथिंबीर मी आणते अजून."

डॉक्टरबाईंना हसू आलं. मुलीला आलं नाही.

डॉक्टरबाईंनी एक चित्र पुढे ठेवलं. फ्रॉक घातलेली एक मुलगी कुंड्यांना पाणी घालत होती. "आजी, कोण घालतंय इथे पाणी?"

"मुलगी घालतेय कुंड्यांना पाणी."

"काय घालतेय?"

"पाणी घालतेय मुलगी कुंड्यांना."

"आणि कुणाला घालतेय?"

"कुंड्यांना घालतेय मुलगी पाणी."

तिन्ही वेळा आवाज तोच, सपाट. "बघितलंत?" मुलगी म्हणाली. "तेच चित्र, तेच शब्द, आणि दर वेळी..."

ती बोलता बोलता थांबली. तिला तिसरीचा वर्ग आठवला.

तिसरीत ती आईच्याच वर्गात होती. शाळेत आईला 'बाई' म्हणायचं, असा घरचा नियम होता. बाई एका वाक्यातले शब्द वेगवेगळ्या पुठ्ठ्यांवर लिहायच्या आणि मुलांच्या गळ्यात अडकवायच्या. 'मनी', 'काल', 'दूध', 'प्याली' अशी चार मुलं रांगेत उभी राहायची. बाई विचारायच्या, "मनी काय प्याली?" सगळा वर्ग वाक्य म्हणायचा आणि 'दूध' आलं की छप्पर उडेल असा ओरडायचा. "केव्हा प्याली?" असं विचारलं की 'काल'वर ओरडायचा. शब्द तेच, पण ज्याच्याबद्दल प्रश्न, त्याला मान. मुलांना हे व्याकरण वाटायचंच नाही, मस्ती वाटायची.

शेवटी शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले. "बाई, तुमची मनी दूध पिते आणि माझे पाढे सांडतात!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी नियम बदलला. ओठांवर बोट ठेवून त्या कुजबुजल्या, "आवाज चढवायचा नाही. ज्याला मान, त्याने रांगेत पुढे यायचं." त्या दिवशी 'दूध' झालेला ढब्बू दर प्रश्नाला पुढे यायचा. "अरे, मनी केव्हा प्याली, असं विचारलंय. तू का आलास?" "मला पुढे आवडतं, बाई." वर्ग तोंड दाबून हसत होता, आणि त्यात तीही होती.

मुलीने चित्राकडे बघितलं. मग आईकडे.

"मान दिलाय हिने शब्दाला," ती हळूच म्हणाली. "आवाज चढत नाही ना, म्हणून पुढे आणते शब्द."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. "मला वाटलंच होतं. मधूनच एखादा शब्द ओढून पुढे आणला, की वाक्य विस्कटतं. डोकं शाबूत आहे त्यांचं."

पण मुलीचं तिकडे लक्ष नव्हतं. आई बिघडली याचा पुरावा म्हणून आणलेली वाक्यं ती मनात पुन्हा लावत होती. रिकाम्या. थकली. आईने पुढे ढकललेला एकही शब्द आईबद्दलचा नव्हता.

वर्षभर ती आईबद्दल तिच्यासमोर बोलत आली होती, 'ही' म्हणून. आता तिने खुर्ची वळवली.

"आई, निवासाचं विचारलं तेव्हा काय म्हणाली होतीस गं? पूर्ण सांग. मी नुसतं 'जाईन' तेवढंच ऐकलं."

आईने तिच्याकडे बघितलं. नंबर पुकारावा तशा आवाजात ती म्हणाली, "तुझ्यासाठी जाईन मी तिकडे."

भिंतीवरचा पंखा फिरत होता. मुलीने आईचा लुळा हात आपल्या हातात घेतला. तिला खूप काही बोलायचं होतं, पण तिच्याही आवाजात आता चढ-उतार उरला नव्हता. मग तिने तिसरीत शिकली होती तेच केलं.

"घरी जाऊ आपण, बाई."