मटारच्या खोलीचं दार

समजा, तुम्ही एका जाड लोखंडी दाराला कान लावून उभे आहात. दार इतकं गार, की कान चिकटून बसेल असं वाटतं. आतून कुणीतरी मुठीनं ठोकतंय, आणि ते कुणीतरी म्हणजे तुमची आई आहे. भिंगरी तशी उभी होती.

एरवी ही पोर एका जागी ठरत नसे, म्हणून तर गोदामातले सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळा सुटली की ती आईला न्यायला इथे यायची. आज तिचे पाय जमिनीला खिळले होते.

दारामागे गोठवलेल्या मटारची खोली होती. पूर्वी तिला साधं कुलूप असे. आता सगळा कारभार संगणकाकडे गेला होता. कुणी घरबसल्या फोनवर मटार मागवले, की दार आपोआप उघडायचं, एक बुटकी यंत्रगाडी आत जायची आणि पाकीट घेऊन बाहेर यायची. मघाशी ती गाडी आत अडकली. आई तिला सोडवायला गेली. गाडी सुटली, ऐटीत बाहेर आली, आणि तिच्या पाठोपाठ दार मिटलं. आई आतच राहिली. अंगात स्वेटरसुद्धा नव्हता.

दारावरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं होती : आत माणूस नाही.

"माणूस नाही म्हणे. मग ठोकतंय कोण, तुझा आजा?" पहारेकरीकाका पडद्यावर खेकसले.

संगणक खोटारडा नव्हता बरं. त्याला फक्त मटार मोजायला शिकवलं होतं.

पहारीचे घाव घालून काकांचे तळहात सोलले होते. दाराला साधा पोचा पडला नव्हता. आतून दार उघडायचा खटका बर्फानं गच्च धरला होता. आगीचा बंब शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघाला होता. काकांनी कंपनीला फोन लावला, तर त्यातली बाई गोड आवाजात पुन्हा पुन्हा सांगत होती, आपण रांगेत आहात, कृपया फोन ठेवू नका.

भिंगरीनं दाराच्या फटीशी तोंड नेलं. "आई, थंडी वाजते का गं?"

"छे गं. तू डबा खाल्लास का?" आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता, आणि आईचे दात एकमेकांवर आपटत होते.

मग ठोकणं हळू झालं. दोन ठोक्यांमधला वेळ वाढत चालला. रडले तर पुढचा ठोका ऐकू येणार नाही, म्हणून तिनं फ्रॉकची बाही तोंडात कोंबली.

"काका, हे दार परत कधी उघडेल?"

"कुणी मटार मागवले की. पण बाजारात ताजे मटार ढिगानं आलेत, पोरी. हे गोठलेले आज कोण मागवतंय?"

आतून ठोका आला नाही.

भिंगरीनं काकांच्या कानावरचा फोन ओढून घेतला.

"अगं, ठेवू नकोस, रांगेतला नंबर जाईल," काका कळवळले.

तिनं त्या गोड आवाजाच्या बाईला मध्येच तोडलं, आणि एक पाकीट मटार मागवले.