गुणाकाराची अट

“दहा लाखांत एक,” लिओनार्ड म्हणाला आणि लेकीकडे विजयी मुद्रेने पाहू लागला.

मरोळ गावठाणातल्या त्या बैठ्या घरात रविवारची दुपार निवांत पसरली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचे यंत्र संथपणे घरघरत होते आणि त्यातून निघालेली नळी त्याच्या बायकोच्या, कार्मेनच्या, नाकाशी पोहोचत होती. गेल्या आठवड्यात गल्लीतली वीज गेली, तेव्हापासून फ्लेवियाने धसका घेतला होता. आज ती मुलुंडहून आली ती निश्चय करूनच. आईला भांडुपच्या शुश्रूषागृहात हलवायचे. तिथली खोली तिने पाहून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत फोनवर होकार तेवढा कळवायचा होता.

“परत सांग, डॅडी.”

लिओनार्डने सांगितले. विमानतळावरच्या कार्यशाळेत इंजिने पारखण्यात ज्याची हयात सरली, त्याला संभाव्यतेचे नियम प्रार्थनेइतकेच मुखोद्गत होते. “वीज जाणं शंभरात एक धर. नेमका तेव्हाच इन्व्हर्टरने दगा देणं, तेही शंभरात एक. आणि त्याच वेळी ऑक्सिजनचा राखीव सिलिंडरही कामाला न येणं, आणखी शंभरात एक. तिन्ही एकदम व्हायचं, तर तिन्हींचा गुणाकार. तुझ्या भांडुपवाल्यांना विचार, त्यांचा आकडा काय आहे.”

“आकडा तुझा बरोबर असेल. मला रात्रभर झोप नाही, त्याचं काय करू?”

“लिओनार्ड,” पलंगावरून कार्मेन म्हणाली. तिचे बोलणे आता श्वासाच्या मापाने होई. चार शब्द, मग विसावा. “गुणाकार कधी करायचा?”

“म्हणजे?”

“व्हरांड्यात पोरांना शिकवायचास ना. काहीतरी अट सांगायचास.”

“एकाचं बिघडणं दुसऱ्यावर अवलंबून नसलं पाहिजे,” तो सवयीने म्हणाला.

“इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोण घालतो?”

“मी.”

“सिलिंडर कोण भरून आणतो?”

“मीच. दुसरं कोण आहे?”

“आणि त्याची चावी कोण फिरवतो?”

लिओनार्ड उठून नळी सारखी करू लागला.

“परवा अंघोळ करून आलास आणि भिंत धरून उभा राहिलास,” कार्मेन म्हणाली. “मी झोपलेय असं वाटलं तुला.”

“डॅडी?” फ्लेविया खुर्चीतून उठली.

“काही नाही गं. साखर जरा खाली गेली होती.”

“तू पडलास, की इन्व्हर्टरही पडला, सिलिंडरही पडला,” कार्मेन म्हणाली. “तुझ्या हिशेबात तू कुठे आहेस रे?”

कार्यशाळेत लिओनार्डचा एक कडक दंडक होता. एका विमानाची दोन्ही इंजिने एकाच कारागिराच्या हाती द्यायची नाहीत. एका हाताची चूक दोन्हीकडे उतरते. या दंडकासाठी तो वरिष्ठांशी भांडला होता. घरात मात्र त्याने एकेक काम मायेने स्वतःकडे ओढून घेतले, आणि तो एकटा हात आपलाच झाला आहे हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

“म्हणून तर सांगते, भांडुपला...” फ्लेविया म्हणाली.

“तू थांब गं. बॅटरीचं शेजारचा एल्टन बघेल. सिलिंडर तू भरून आणायचा. चावी माझी.”

“तुझी बोटं बघ, मम्मी!”

संधिवाताने वाकलेली आपली बोटे कार्मेनने खरोखरच पाहिली. “बघितली. उघडता नाही आलं, तर येते तुझ्याबरोबर भांडुपला. कटकट नाही करणार.”

“मी असताना तुला कशाला...” लिओनार्ड म्हणाला.

“तू आहेस हाच घोळ आहे,” ती हसली, आणि हसण्यानेच तिला धाप लागली.

सिलिंडर पलंगालगत आणला गेला. नळी यंत्रावरून कशी काढायची, इथे कशी बसवायची, चावी डावीकडे कशी वळवायची, हे लिओनार्डने धीराने दाखवले. कार्मेनने चावी धरली. ती निसटली, पण खाली पडण्यापूर्वीच लिओनार्डच्या तळव्यात होती. दुसऱ्या खेपेला ती अडकली, तेव्हा त्याच्या बोटांनी तिच्या बोटांवरून ती वळवूनही टाकली.

“बाहेर जा,” कार्मेन म्हणाली.

“आता नाही हात लावणार.”

“तुझा हात तुला विचारून येत नाही, लिओनार्ड. जा.”

तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. आत फ्लेवियाने चावी पुन्हा घट्ट बंद केली आणि ती बटणाशी जाऊन थांबली. आईने नुसती मान हलवली तरी यंत्र तत्क्षणी सुरू करायचे, असे ठरले होते. मग तिने यंत्र बंद केले.

ती घरघर थांबली. कित्येक महिन्यांत घर इतके शांत झाले नव्हते. चावीचा लोखंडावर खट्ट असा आवाज आला, पुन्हा आला, मग काहीच नाही. लिओनार्डने डोळे मिटून घेतले. दाराकडे त्याने पाऊल टाकले नाही. पण त्याचा उजवा हात छातीसमोर उचलला गेला, बोटे आवळली, आणि रिकामी मूठ सर्व बळ एकवटून डावीकडे वळू लागली, मनगटाच्या शिरा फुगेपर्यंत.

किती वेळ गेला, त्याला कळले नाही. कोणीतरी त्याच्या मनगटाला स्पर्श केला. फ्लेविया होती; तिचे डोळे भरून आले होते.

“उघडला तिने, डॅडी. कधीच उघडला,” ती हळूच म्हणाली. “हात खाली घे आता.”