बदल्यात काय ठेवलंस?

अरे ऐका ना, अमेरिकेतल्या नेब्रास्कातली ही लेटा. आई गेल्यापासून तिला सोबत फक्त मफिनची, म्हणजे तिच्या कुत्र्याची. फोनवरच्या खुणांवरून कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, त्यातली एक वस्तू घ्यायची आणि बदल्यात आपली एक ठेवायची, हा तिचा खेळ.

त्या दुपारी डबा सापडला तो मक्याच्या शेतांमधल्या जुन्या कबरस्तानात, तिथे पहिल्यांदा वस्ती करणाऱ्यांच्या लेकरांच्या कबरींपाशी. आत एकच लाकडी घोडा. लेटाने तो खिशात टाकला. ठेवायला मात्र तिने काहीच आणलं नव्हतं.

गवत कापणाऱ्या म्हाताऱ्या ऑर्विलने हटकलं, "काय गं, फुकटात? बदल्यात काय ठेवलंस?"

"पुढच्या वेळी ठेवीन की! पोरांचा तर खेळ आहे."

"म्हणूनच विचारतोय, पोरी."

ती हसतच गाडीपाशी आली. मघाशी मफिन कबरींमधून धावत होता, जणू कुणी त्याच्यासाठी काठी फेकतंय. आता तिथे नुसतं गवत हलत होतं.

घसा बसेपर्यंत तिने हाका मारल्या. मग घोडा परत ठेवायला धावत जाऊन डबा उघडला.

आत मफिनच्या गळ्यातला पट्टा होता. बकल लावलेलंच होतं, आणि पट्टा अजून उबदार होता.