कोरडी फरशी

पहिली बादली खड्ड्यात ओतली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खड्डा कोरडा. ओतणारे शेजारचे दंतवैद्य रिकामी बादली हातात घेऊन तसेच वाकून बघत राहिले.

"बाई, तुमच्या जमिनीला दात नसतील, पण घसा जबरदस्त आहे हं!" ते म्हणाले, आणि अख्खी गल्ली हसली.

पाणीबाईही हसल्या. न हसून सांगतात कुणाला? 'पाणीबाई' हे नाव गल्लीनेच त्यांना दिलेलं. वर्षभर त्या दारोदार तेच सांगत फिरल्या होत्या. अंगणातली हिरवळ काढा, तिला रोज आंघोळ घालावी लागते. फरशा उखडा, कमी पाण्यात जगणारी झुडपं लावा, पावसाला जमिनीत जिरू द्या. आणि त्याआधी एक खड्डा खणा, त्यात पाणी ओता, ते मुरायला किती वेळ लागतो ते बघा. आज त्यांनी स्वतःच्याच अंगणात खड्डा खणून सगळ्यांना बोलावलं होतं. येताना भाज्या धुतलेलं, कपडे खळबळलेलं पाणी घेऊन या, असंही सांगितलं होतं.

"इथे पूर्वी तळं होतं," नेहमीचं वाक्य त्यांनी मघाशीच म्हटलं होतं. "भराव टाकून बुजवलं आणि वर आपली घरं आली. आपण जमिनीचं तोंडच बांधलंय हो. तहानेने जीव चाललाय तिचा."

दुसरी बादली गेली, तिसरी गेली. लोकांना चेव चढला. शिंपीणबाई घरी जाऊन आणखी एक बादली घेऊन आल्या. जो तो ओततोय, टाळ्या पिटतोय. जितकं लवकर मुरेल तितकी जमीन चांगली, हे बाईंनीच शिकवलं होतं ना! पण बाई वाकून खड्ड्यात निरखून बघू लागल्या. भरावाची दाबलेली माती ती. तिच्यात एक बादली मुरायला संध्याकाळ व्हायला हवी होती. आणि खड्ड्याच्या तळाची माती साधी ओलसरही दिसत नव्हती.

दारात नवरा येऊन उभा राहिला. तोंड पाडून म्हणाला, "आईची बॅग भरली. गाडी येईल एवढ्यात."

हा हट्ट बाईंचाच. सासूबाईंना वृद्धाश्रमात ठेवायचं. दुसरं करणार काय? म्हातारी उठता बसता तांब्या भरून घ्यायची आणि पलंगाखालच्या फरशीवर ओतायची. विचारलं की एकच उत्तर, "खाली कुणीतरी पाणी मागतंय गं. पाण्याला नाही कसं म्हणू?" जगाला पाणी वाचवायला शिकवणाऱ्या बाईच्या घरात हा प्रकार! गल्लीत कुजबुज सुरू झाली होती, दिव्याखाली अंधार म्हणून. बाईंना तोंड दाखवायची चोरी झाली होती.

मात्र फरशी एकदाही ओली सापडली नव्हती. म्हातारी पुसून घेत असेल, असं बाई धरून चालल्या होत्या. जिचे गुडघे वाकत नाहीत, ती पलंगाखाली शिरून पुसते कशी, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आज, त्या कोरड्या खड्ड्याकडे बघताना, पडला.

"थांबा," त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. "अहो, थांबा म्हणते ना!"

बादल्या जागच्या जागी थांबल्या. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि खड्ड्याला कान लावला. थेंब पडल्याचा आवाज नाही, पाझरल्याचा नाही. आत घुटके घेतल्यासारखा आवाज येत होता. एकेक घुटका, सावकाश. आणि तो खड्ड्याच्या खालून येत नव्हता, बाजूने येत होता. घराच्या दिशेने.

त्या उठल्या. हात न धुताच आत गेल्या.

सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. शेजारी बॅग. त्या रागावलेल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. नुसत्या काळजीत होत्या.

"मी जाते गं बाई," त्या म्हणाल्या. "तुझं खरं असेल, माझंच डोकं फिरलं असेल. पण मी गेल्यावर त्याला पाणी कोण देणार तेवढं सांग."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नवऱ्याने बॅगेला हात घातला.

"ठेवा ती," बाई म्हणाल्या. "गाडी परत पाठवा."

"अगं, पण तूच तर..."

"चुकलं माझं. पाठवा म्हणते ना."

तो गेला. बाईंनी उशाशी ठेवलेला भरलेला तांब्या उचलला. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी थेंबभर पाणी उगाच सांडलं नव्हतं. त्या पलंगाशी वाकल्या. दोन फरशांमधल्या फटीवर तांब्या धरला आणि डोळे मिटून अख्खा उपडा केला. डोळे उघडले तेव्हा फरशी कोरडी ठणठणीत होती.

"हळू गं, हळू," वरून सासूबाई म्हणाल्या. "एकदम ओतलंस की ठसका लागतो त्याला."

आणि फरशीखाली कुणाला तरी ठसका लागला.