न वितळलेलं लोणी

पुंजारामकाकांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा तसाच बसून होता. भाकरी तव्यावरून थेट ताटात आलेली, तिच्यातून वाफ निघत होती, आणि लोणी काही वितळायचं नाव घेत नव्हतं. ते आधी मेघाला दिसलं.

सासऱ्यांना भाकरी वाढताना ती आधी टोपल्यात निवू द्यायची. दोन महिने हा नेम तिनं चुकवला नव्हता. पण आज सिल्लोडहून सासऱ्यांचे जुने दोस्त आले होते, आणि पाहुण्याला निवलेली भाकरी वाढणं सासूबाईंच्या, मनकर्णाबाईंच्या, रक्तातच नव्हतं. त्यांनी तव्यावरची उचलली आणि वाढली.

पुंजारामकाकांनी बोटानं गोळा दाबून पाहिला. हे काही साधे पाहुणे नव्हते. ते आणि मेघाचे सासरे, सांडूमामा, यांनी जोडीनं चाळीस वर्षं उस्मानपुऱ्यात दूध घातलं होतं. सांडूमामांच्या कॅनमध्ये कधी पाण्याचा थेंब गेला नाही. साय काढून दूध विकणाऱ्याच्या दारचा ते चहासुद्धा घेत नसत. नुसतं बोट बुडवून दूध कुठल्या म्हशीचं ते सांगायचे. आता म्हशी विकून सहा वर्षं झाली, घरात पिशवीचं दूध येतं, तरी ताठा तसाच.

दिवाळीत त्यांच्या छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी लोणी-तूप बंद केलं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "लोणी बंद, तर भाकर बी बंद." आणि खरंच दोन दिवस ताट परत पाठवलं. मनकर्णाबाई देवापुढं बसल्या. मेघा फोन घेऊन बसली.

फोनवर अभय होता, तिचा नवरा. चिकलठाण्यातल्या त्याच्या कारखान्यानं त्याला वर्षभरासाठी जर्मनीला पाठवलं होतं. तो म्हणाला, इथले लोक पावाला लोण्याऐवजी एक ताजं चीज लावतात. साय काढलेल्या दुधाचं, एकदम हलकं, वर हिरवा पाला चिरून घातलेला. मेघानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मनात म्हणाली, म्हणजे चक्काच की.

तिनं दुधावरची होती नव्हती ती सगळी साय काढली, दूध विरजलं, दही मलमलच्या फडक्यात बांधून ओट्यावरच्या खुंटीला टांगलं. सकाळी चक्का घोटला. मीठ, मिरपूड, जरासा लसूण, आणि कांद्याची पात न् शेपू अगदी बारीक चिरून त्यात कालवला. "मामा, एवढं लोणी चालतं म्हणाले डॉक्टर. पात घातलीय त्यात," असं धडधडीत खोटं बोलून तिनं तो गोळा सासऱ्यांच्या ताटात वाढला. सांडूमामांनी एक घास खाल्ला, तिच्याकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं भाकरी संपवली.

पहिले आठ दिवस चक्का पाणचट व्हायचा. मग एकाएकी जमू लागला, घट्ट आणि गुळगुळीत. सकाळी पाहावं तर फडक्याची गाठ तिनं बांधली होती त्याहून आवळलेली असायची. सासूबाईंचं काम असणार, असं धरून ती गप्प राहायची. चोरीतल्या साथीदाराचे आभार मानायची पद्धत नसते. गेल्या आठवड्यात रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले, तेव्हा मेघाचा ऊर अभिमानानं भरून आला. फक्त तो अभिमान कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणि आज सगळं भाकरीवर उघडं पडलं होतं.

"सांडू," बोट चाटून पुंजारामकाका म्हणाले, "तुला तुह्याच घरात फसवायलेत. हे लोणी नाय. साय काढलेल्या दुधाचा चक्का हाये."

मनकर्णाबाईंचा हात तव्यावर थबकला. पुन्हा ताट परत जाणार, पुन्हा ती कळ, पुन्हा तो दवाखाना, सगळं मेघाच्या डोळ्यांपुढून गेलं. ती सासूबाईंच्या पुढं आली. "मामा, यात आत्यांचा काही दोष नाही. मीच..."

सांडूमामांनी हात वर करून तिला थांबवलं. भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चांगला जाड थर लावला, सावकाश चावून खाल्ला.

"चाळीस साल दूध घातलं म्या," ते म्हणाले. "लोणी कंचं न् चक्का कंचा, हे तू मला शिकवतू व्हय, पुंजा? पहिल्याच घासाला कळलं. मंग अभयला इचारलं. जर्मनीचं चीज हाये हे. माह्या सुनंनं घरी केलंय. अख्ख्या उस्मानपुऱ्यात दुसऱ्या कोन्या घरात असंन, तर दाखव मला."

हा आवाज मेघाच्या ओळखीचा होता. कपुरी नावाच्या, विकून टाकलेल्या लाडक्या म्हशीविषयी बोलतानाच सांडूमामांचा तो लागायचा. या घरात याहून मोठा मान कुणाला मिळालेला नव्हता. मेघाला हसूही आवरेना आणि डोळेही.

"मंग इतके दिस बोलले काहून नाय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"बोललो असतो, तर इज्जतीपायी हे बी सोडावं लागलं असतं." मग ते मेघाकडं वळले. "पर पोरी, गाठ लई ढिली बांधती तू. पहिले आठ दिस नुसतं पाणी व्हतं त्यात."

मेघानं सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. गाठीला त्यांनी कधी हातच लावला नव्हता.

सांडूमामांनी चक्क्याची वाटी पुंजारामकाकांपुढं सरकवली.

"म्हशी गेल्या," ते म्हणाले, "पर पहाटं चारला जाग येतीच की मला."